अठ्ठावीस दिवसांची अंडी : सत्तरीतील एका कुक्कुटपालनाचा प्रकरण अभ्यास

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून जवळच असलेल्या एका गावात, कुळागराच्या म्हणजे पोफळीच्या बागेच्या कडेला, एका जोडप्याने १२० कोंबड्या पाळलेल्या आहेत. तपकिरी अंडी देणारी सुधारित जात, दिवसा पोफळींखाली मोकळे चरणे आणि रात्री भाताच्या तुसाची गादी घातलेल्या शेडमध्ये मुक्काम, अशी त्यांची पद्धत आहे. कोंबड्या चौतीस आठवड्यांच्या असताना रोज ९५ च्या आसपास अंडी मिळत होती. आषाढात पावसाची झड आत येऊ नये म्हणून शेडच्या चारही बाजूंना ताडपत्र्या गच्च बांधण्यात आल्या आणि त्या आठवडाभर तशाच राहिल्या. तूस ओला झाला, आत अमोनियाचा दर्प कोंडला आणि कोंबड्या शिंकू लागल्या. पाठोपाठ काहींचे चेहरे सुजले, डोळे चिकटले, नाकातून दुर्गंधी येणारा स्राव वाहू लागला आणि पाच दिवसांत अंडी ७४ वर आली. गावात याला ‘कोंबड्यांची सर्दी’ म्हणतात. आमच्या पुस्तकात हा इन्फेक्शियस कोरायझा.

मला या घरून फोन आला तो रोगासाठी नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने औषधाच्या बाटलीवरचा बारीक अक्षरांतला इंग्रजी मजकूर वाचला होता आणि त्यात हे औषध अंड्यावरच्या कोंबड्यांना देऊ नये असे लिहिलेले तिला आढळले होते. फोन तिच्या आईने केला. तिचा प्रश्न एवढाच होता : “डॉक्टर, अंडी विकायची की नाही?” तोपर्यंत औषधाचे चार दिवस पूर्ण झाले होते आणि त्याच सकाळी त्यांची अंडी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन आली होती.

घटनाक्रम मुलीच्या आणि आईच्या सांगण्यावरून व घरातल्या उधारीच्या वहीवरून जुळवला. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास घरधन्याने एका दुकानातून आणलेले एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे द्रावण पिण्याच्या पाण्याच्या टाकीत मिसळले. चिठ्ठी कोणा पशुवैद्यकाची नव्हती. लक्षणे ऐकून दुकानदारानेच बाटली दिली होती, पाच दिवस द्या म्हणून सांगितले होते आणि सोबत टेट्रासायक्लिन गटातल्या ऑक्सिटेट्रासायक्लिनची पूडही बांधून दिली होती. अंड्यांविषयी विचारल्यावर ‘सात दिवस सोडा’ एवढेच उत्तर मिळाले. ते सात दिवस कधीपासून धरायचे, हे दुकानदाराने सांगितले नाही आणि यांनीही विचारले नाही. घरधन्याने आपल्या सोयीने त्याचा अर्थ लावला, की औषध संपल्यावर आठवडाभर अंडी विकायची नाहीत, पण औषध चालू असताना विकायला हरकत नाही. ऐकायला हे विचित्र वाटेल, परंतु हाच समज मला गोव्यात आणि दोडामार्गाच्या बाजूलाही अनेक घरांत भेटलेला आहे. वर्ज्य काळ म्हणजे औषधानंतर पाळायचे पथ्य, अशी लोकांची कल्पना असते. औषध चालू असतानाची अंडी त्या काळाच्या आधीच वर्ज्य ठरलेली असतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मंगळवार ते शुक्रवार या चार दिवसांत २७८ अंडी मिळाली होती. त्यांपैकी ९० अंडी म्हापशातील एका गृहिणीकडे गेली होती, जी घरी बेबिंका ही थरांची गोमंतकीय मिठाई करून विकते. साठ अंडी बाजारात अनोळखी गिऱ्हाइकांनी नेली, ३० गावातल्या गाड्यावर गेली आणि २० शेजारच्या दोन घरांत. त्यांतल्या एका घरात दीड वर्षाचे मूल रोज उकडलेले अंडे खात होते. उरलेली ७८ स्वयंपाकघरातल्या फळीवर ट्रेमध्ये रचलेली होती.

शनिवारी सकाळी मी तेथे गेलो. पहिले काम रोग कोणता याची खात्री करण्याचे होते, कारण सुजलेला चेहरा आणि अचानक घटलेली अंडी ही बर्ड फ्लूचीही लक्षणे असू शकतात, आणि तसा संशय आला तर अंड्यांचा हिशेब बाजूला ठेवून पशुसंवर्धन खात्याला ताबडतोब कळवावे लागते. येथे सहा दिवसांत एकच कोंबडी दगावली होती, बाकीच्या खातपीत होत्या, तुरे निळे पडलेले नव्हते आणि स्रावाचा तो विशिष्ट कुजकट वास कोरायझाकडेच बोट दाखवत होता. मायकोप्लाझ्माचा जुनाट श्वसनरोग सोबतीला असण्याची शक्यता मात्र मी तेव्हा नाकारू शकलो नाही, आणि तो मुद्दा या प्रकरणात शेवटी पुन्हा वर आला.

दुसरे काम बाटली आणि पुडी तपासण्याचे. प्राण्याच्या डोक्याचे चिन्ह आणि ‘माणसांसाठी नव्हे, केवळ प्राण्यांच्या उपचारासाठी’ ही सूचना दोन्हींवर होती. पुडीत कॉलिस्टिन हे प्रतिजैविक नाही ना, हे मी मुद्दाम पाहिले, कारण अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर २०१९ मध्ये देशभर बंदी आली असली तरी जुन्या मिश्रणांची नावे लोकांच्या तोंडी अजून आहेत. ते नव्हते. एन्रोफ्लॉक्सासिनची गोष्ट वेगळी आहे. हे औषध भारतात कोंबड्यांसाठी विकले जाते. परंतु अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांतील त्याचा वापर थांबवला आणि युरोपात खाण्याची अंडी देणाऱ्या पक्ष्यांना ते देता येत नाही. ते ज्या गटातले आहे त्या फ्लुओरोक्विनोलोन गटातील औषधे माणसांच्या गंभीर संसर्गांत लागतात आणि जागतिक आरोग्य संघटना त्यांना माणसांसाठी अत्यंत महत्त्वाच्या प्रतिजैविकांमध्ये धरते. शिंकणाऱ्या कोंबड्यांसाठी हे पहिलेच औषध म्हणून दुकानातून मिळावे, याला माझी हरकत आहे आणि ती मी त्या घरातही बोलून दाखवली.

घरधन्याचा युक्तिवाद पुढीलप्रमाणे होता. कायद्यात सात दिवस आहेत असे त्याने ऐकले होते; अंडे तर उकडून किंवा तळूनच खातात; आणि श्रावण लागायला जवळजवळ तीन आठवडे राहिले होते. श्रावणात गावातली बहुतेक हिंदू घरे मासळीबरोबर अंडीही बंद करतात, म्हणून आषाढातल्या उरलेल्या दिवसांची विक्री त्याला हातची घालवायची नव्हती. यांतले शेवटचे कारण खरे होते आणि पहिली दोन त्याच्या आधारासाठी उभी केलेली होती, असे माझे मत आहे. तरीही तिन्हींना उत्तर देणे आवश्यक होते.

सात दिवसांची गोष्ट अर्धवट खरी आहे. औषधे नियम, १९४५ मधील नियम ९७ मध्ये २०१२ साली केलेल्या दुरुस्तीनुसार अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांच्या औषधावर वर्ज्य काळ, म्हणजे औषधाची शेवटची मात्रा आणि दूध, अंडी किंवा मांस वापरात येणे यांमधले अंतर, छापणे बंधनकारक आहे. एखाद्या औषधाचा तसा काळ तपासून ठरवलेला नसेल तर तो अंडी व दूध यांसाठी सात दिवसांपेक्षा आणि कोंबडी व इतर जनावरांच्या मांसासाठी अठ्ठावीस दिवसांपेक्षा कमी धरता येणार नाही, असे तो नियम म्हणतो. यातील ‘कमी नाही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सात हा आकडा किमान मर्यादा म्हणून लिहिलेला आहे. शिवाय ज्या बाटलीवर अंड्यावरच्या कोंबड्यांना देऊ नये असेच लिहिलेले आहे, तिच्यासाठी अंड्यांचा काळ कोणी मोजून ठरवलेलाच नसतो. तेथे सात दिवसांनी अंडे निर्धोक झाले असे मानायला आधार नाही.

उकडण्या-तळण्याचे उत्तर सोपे आहे, पण ते पटवायला वेळ लागतो. उष्णतेने साल्मोनेलासारखे जंतू मरतात, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे आणि त्यामुळेच गोंधळ होतो. औषधाचा रेणू जंतू नाही. फ्लुओरोक्विनोलोन आणि सल्फा गटातील औषधे स्वयंपाकघरातल्या उष्णतेला बऱ्याच अंशी टिकतात; टेट्रासायक्लिन काही प्रमाणात मोडते, पण पूर्ण जात नाही. गाड्यावरचे रस ऑम्लेट, म्हणजे रश्शातले ऑम्लेट, असो की भट्टीतली बेबिंका, अंड्यात जे उतरले आहे त्यातले बरेचसे ताटात येते.

अंड्यात औषध उतरते कसे आणि किती दिवस उतरते, हा या प्रकरणाचा गाभा आहे. बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडे बाहेर येईपर्यंत साधारण चोवीस ते सव्वीस तास जातात. त्यांतले सुमारे तीन तास अंडनलिकेत पांढऱ्या भागाचे थर चढतात आणि वीसेक तास कवच तयार होण्यात जातात. त्यामुळे मंगळवारी दहा वाजता पाण्यात टाकलेले औषध बुधवारी घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागात पोहोचलेले असू शकते, आणि औषध बंद झाल्यावर पांढरा भाग एक-दोन दिवसांतच बराचसा स्वच्छ होतो. पिवळ्या बलकाचे तसे नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या अंडाशयात एकाच वेळी लहानमोठे पाच-सहा बलक रांगेने वाढत असतात आणि प्रत्येकाची शेवटची झपाट्याची वाढ आठ ते दहा दिवस चालते. या दिवसांत यकृतात तयार झालेले स्निग्ध घटक रक्तातून येऊन बलकावर थरामागून थर चढत जातात.

हे मी त्या घरात बेबिंकेचे उदाहरण देऊन सांगितले, कारण त्यांच्या अंड्यांची बेबिंकाच होत होती. बेबिंकेचा एक थर भाजल्यावर त्यावर दुसरा ओततात. मधल्या एखाद्या थरात मीठ पडले तर वरचे थर कितीही गोड झाले तरी तो खारट थर आत राहतोच. शनिवारी रक्तात औषध असताना ज्या बलकाचा पहिला थर चढत होता, तो बलक अंडे होऊन बाहेर पडेल तेव्हा पुढच्या आठवड्याचा शेवट उलटून गेलेला असेल आणि तो खारट थर त्याच्या पोटात असेल. कोंबडी बरी झालेली असते, पाणी स्वच्छ असते, तरी अंडे जुने औषध घेऊन येते. यात भर अशी, की बेबिंकेला फक्त पिवळे बलक लागतात आणि एका बेबिंकेत ते डझनाने जातात. म्हणजे त्या म्हापशाच्या गृहिणीकडे अंड्याचा नेमका तोच भाग जमा होत होता ज्यात औषध सर्वांत उशिरापर्यंत राहते.

या सर्वांवरून किती दिवस धरायचे? बलकाचे दहा दिवस, शरीरातून औषध निघून जाण्याचे आणखी काही, आणि गादी पद्धतीत कोंबड्या स्वतःच्याच विष्ठेत चोची मारत असल्यामुळे बाहेर पडलेले औषध थोडेफार पुन्हा पोटात जाते त्याचे काही. हे सगळे धरून चौदा दिवसांवर थांबता आले असते. प्रयोगशाळेत अवशेषांची तपासणी करून घेण्याचा मार्ग होता, परंतु १२० कोंबड्यांच्या धंद्याला त्या चाचण्यांचा खर्च झेपणारा नव्हता. तपासणी नाही आणि बाटलीवर आकडा नाही, अशा स्थितीत मी एकवीस दिवस सांगितले. एखादा सहकारी याला अति सावधपणा म्हणेल. मला तो आक्षेप मान्य आहे. पण चुकायचेच असेल तर कोणत्या बाजूला चुकायचे हे ज्या घरात दीड वर्षाचे मूल रोज अंडे खाते त्या घराकडे पाहून ठरवावे लागते.

येथे धोक्याचे मोजमापही नीट सांगितले पाहिजे. अशी दोन-चार अंडी पोटात गेल्याने कोणाला विषबाधा होत नाही, आणि घाबरून दवाखाना गाठण्याचे कारण नाही. चिंता तीन प्रकारची आहे : एखाद्याला त्या गटाच्या औषधाची ॲलर्जी असणे, जी पेनिसिलिन आणि सल्फा यांच्या बाबतीत जास्त आढळते, तेच अंडे रोज खाणाऱ्या लहान मुलाच्या पोटात थोडे थोडे औषध सतत जाणे, आणि अशा अपुऱ्या मात्रांत आतड्यातील जंतूंना त्या औषधाची सवय होणे. शेवटची गोष्ट एका घरापुरती राहत नाही.

उपचाराचा निर्णय मला सहजपणे घेता आला नाही. एन्रोफ्लॉक्सासिन तेथेच थांबवावे असे एक मन सांगत होते. परंतु चार दिवस झाले होते, सूज उतरू लागली होती आणि पाचव्या दिवसाने उपचार पुरा होणार होता. अर्धवट सोडून दुसरे औषध सुरू केले असते तर रोग उलटण्याची भीती होतीच, शिवाय दुसऱ्या औषधाचा वेगळा काळ मोजावा लागला असता. अंडी तर आधीच हातची गेली होती. म्हणून शनिवारचा दिवस पुरा करून औषध बंद करायचे ठरले. टेट्रासायक्लिनची पूड मात्र त्याच क्षणी बंद केली. ती पुढे चालू ठेवून फारसा उपयोगही झाला नसता, कारण घरची मंडळी कवच मजबूत व्हावे म्हणून तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा सढळ हाताने खाद्यात घालत होती, आणि चुन्याचा अंश टेट्रासायक्लिनला पोटातच धरून ठेवतो. एन्रोफ्लॉक्सासिनचे शोषणही त्यामुळे काही प्रमाणात घटते. ताडपत्र्या वरून हातभर मोकळ्या केल्या, ओला तूस काढून चुना मिसळलेला कोरडा तूस घातला आणि सर्वांत आजारी एकोणीस कोंबड्या वेगळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये डोळे झोंबले नाहीत, आणि माझ्या मते निम्मा उपचार तोच होता.

गेलेल्या अंड्यांचा माग काढण्याचे काम घरच्या बाईंनी अंगावर घेतले. उधारीच्या वहीमुळे १४० अंड्यांचा पत्ता लागला, बाजारातल्या साठांचा लागला नाही. शेजारच्या दोन घरांतून १३ परत आली, गाड्यावरून ११. म्हापशाला फोन करणे सर्वांत जड गेले. ती गृहिणी जुने गिऱ्हाईक, आणि तिच्याकडची ५६ अंडी फुटून गेलेली होती. बाईंनी काही न लपवता औषधाचे नाव, दिवस आणि बाटलीवरचा मजकूर सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता होती, मग “एक बेबिंका अजून फ्रीजमध्ये आहे, ती मी देणार नाही,” एवढेच शब्द आले. उरलेली ३४ अंडी तिने परत पाठवली. ज्यांचा पत्ता होता त्या सर्व १४० अंड्यांचे पैसे परत करण्यात आले, आणि पुढचे चार आठवडे तिला बेळगावहून येणारी फार्मची अंडी आणून देण्यात आली, ती गावठी नाहीत हे स्पष्ट सांगून. गोव्याला लागणाऱ्या अंड्यांचा मोठा वाटा घाटावरूनच येतो, त्यामुळे पुरवठा अवघड नव्हता. अवघड होते ते आपल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याची अंडी आपल्या हाताने देणे.

एकवीस दिवसांची मोजणी शनिवारपासून सुरू होणार होती. रविवारी संध्याकाळी सहज विचारले तेव्हा कळले, की औषध टाकणे बंद झाले होते, पण टाकी रिकामी झाली नव्हती. अर्ध्या उरलेल्या औषधी पाण्यात विहिरीचे पाणी भरले गेले होते आणि कोंबड्या तेच पीत होत्या. औषधाचा शेवटचा दिवस म्हणजे औषध ओतल्याचा शेवटचा दिवस नव्हे. कोंबडीच्या चोचीत औषधाचा शेवटचा थेंब गेला तो दिवस. सोमवारी सकाळी टाकी, नळ्या आणि पाण्याची लटकती भांडी धुऊन घेतली आणि तो सोमवार शून्य दिवस धरला. पहिल्या मंगळवारपासून या सोमवारपर्यंतचे सात आणि पुढचे एकवीस, असे एकूण अठ्ठावीस दिवस झाले. श्रावण त्यांतल्या शेवटच्या चार दिवसांत लागत होता, म्हणजे आषाढातली विक्री पूर्ण बुडाली आणि विक्री पुन्हा सुरू होणार ती गिऱ्हाईक निम्म्यावर आलेले असताना. घरधनी दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

अंड्यांची विल्हेवाट हा पावसाळ्यातला वेगळाच प्रश्न आहे. फुटकी अंडी परत कोंबड्यांना घालण्याची सवय घरोघरी असते. येथे तसे केले असते तर औषध त्याच कोंबड्यांच्या पोटात फिरत राहिले असते. डुकराला किंवा कुत्र्याला घालणेही मी नको म्हटले. पुरायचे तर सत्तरीत जुलैत जमीन पाण्याने तुडुंब असते आणि विहीर कुळागराच्या खालच्या अंगाला. म्हणून शेडच्या वरच्या बाजूला, विहिरीपासून दूर, चढावर खड्डा घेतला. अंडी अख्खी पुरली तर ती आत कुजून फुटतात आणि वासावर घोरपड, मुंगूस, रानडुक्कर येऊन खड्डा उकरतात. म्हणून रोज फावड्याने फोडून, वर चुना आणि माती टाकून चिऱ्यांनी झाकायची, असा क्रम ठेवला. मुलीने त्यासाठी वहीत रकाने आखले : तारीख, मिळालेली अंडी, खड्ड्यात गेलेली अंडी, सही. अठ्ठावीस दिवसांत २,१६४ अंडी मिळाली आणि परत आलेली धरून २,०२२ खड्ड्यात गेली. अंड्याला नऊ रुपये दर धरला तर तोटा सुमारे एकोणीस हजार रुपयांचा. कोंबडीमागे रोजचे एकशे दहा ग्रॅमच्या आसपास खाद्य या काळात चालूच होते, कारण अंडी फेकायची असली तरी कोंबडी उपाशी ठेवता येत नाही.

त्या सोमवारपासूनच्या नवव्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, जी मला अकराव्या दिवशी कळली. एका कोंबडीचा चेहरा पुन्हा सुजला आणि घरधन्याने बाटलीच्या तळाशी उरलेले औषध कोणाला न सांगता दोन दिवस तिच्या चोचीत थेंबाथेंबाने घातले. हेतू वाईट नव्हता. परंतु त्या कोंबडीचा शून्य दिवस आता दहावा झाला होता, आणि सगळी अंडी तपकिरी, सगळ्या कोंबड्या त्याच चार टोपल्यांत अंडी घालणाऱ्या. हेच बाविसाव्या दिवसानंतर झाले असते तर तिचे अंडे ओळखण्याचा काही उपाय नव्हता आणि सगळ्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली असती. त्या तीन दिवसांची सर्वच अंडी खड्ड्यात जात असल्यामुळे बाकीच्या कोंबड्यांचा हिशेब वाचला. तिच्या पायात लाल दोरा बांधून तिला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवले आणि वहीत तिच्यासाठी वेगळे पान केले. बाटली मी घेऊन आलो. शेजारी कोंबड्यांच्या उवांसाठी फवारायचे गोठ्यातले कीटकनाशक ठेवलेले होते, तेही अंड्यांच्या हिशेबात येते हे सांगून ठेवले. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये लक्षावधी अंडी मागे घ्यावी लागली, ती कोंबड्यांचे रक्त पिणाऱ्या लाल माइट या बारीक किड्यांवर फिप्रोनिल हे कीटकनाशक वापरल्यामुळे.

बाविसाव्या दिवशी पहिली ८८ अंडी विक्रीसाठी बाजूला ठेवली गेली. प्रत्येकावर शिसपेन्सिलीने तारीख घातली. म्हापशाच्या गृहिणीने एक ट्रे घेतला आणि वहीच्या त्या पानाचा फोटो मागितला. तो मुलीने पाठवला, त्यात टाकी धुतल्याची नोंद खाडाखोडीसह होती. पुढची बॅच अंड्यावर येण्यापूर्वीच कोरायझाची लस टोचून घ्यायचे ठरले आहे, म्हणजे औषधाची वेळ अंड्यांच्या काळात येण्याची शक्यता कमी होईल. पावसाळ्यात ताडपत्र्या बांधण्याचा मोह कसा आवरणार, याला मात्र लस नाही.

लाल दोऱ्याच्या कोंबडीचे दिवस आणखी दहा उरले होते. आजारातून उठल्यावर तिने आपल्या एकवीस दिवसांत तेरा अंडी दिली. घरातल्या सासूबाईंनी त्यांतली शेवटची सहा टोपलीत वेगळी काढून ठेवली होती आणि मी गेलो तेव्हा त्यांनी विचारले, की खायची नाहीत हे समजले, पण परसातली एक गावठी कोंबडी खुडूक झाली आहे, तिच्याखाली ही घातली तर काय बिघडले? प्रश्न चांगला होता. खाण्याच्या दृष्टीने अडचण नव्हती, कारण त्यातून निघालेले पिल्लू अंड्यावर येईपर्यंत पाचेक महिने गेले असते. परंतु कोरायझा अंड्यातून पिल्लात जात नसला तरी मायकोप्लाझ्मा जातो, आणि पुन्हा चेहरा सुजलेल्या त्याच कोंबडीत तो नाही असे मी सांगू शकत नव्हतो. शिवाय गर्भ वाढताना बलकातले औषध त्यालाच मिळणार. हे ऐकून त्यांनी टोपली सुनेकडे दिली. सून खड्ड्याकडे गेली, आणि आल्यावर वहीच्या त्या वेगळ्या पानावर सहाचा आकडा लिहिला. खुडूक कोंबडीखाली शेजारच्या घरची आठ अंडी घातली गेली.